ब्लॅकडाऊनचा ट्रिग पिलर आणि बाबांची मोजणी

इकडे इंग्लंडात टेकड्यांच्या माथ्यावर काँक्रीटचे खांब असतात, साधारण चार फूट उंच, खाली रुंद आणि वर निमुळते, देशाच्या मोजणीसाठी उभारलेले, त्यांना ट्रिग पिलर म्हणतात आणि ते हुडकत फिरणाऱ्या लोकांची इथे एक वेगळी जमातच आहे. आम्ही दोघं त्या जमातीत कधी सामील झालो ते कळलंच नाही. आधी वीकेंडला नुसतं पाय मोकळे करायला जायचो, मग नकाशावर निळा त्रिकोण, म्हणजे पिलरची खूण, दिसला की बायको म्हणायची जवळच तर आहे, जाऊन येऊ की, आणि हळूहळू निळ्या त्रिकोणासाठीच बाहेर पडणं सुरू झालं. ह्या उन्हाळ्यात बाबा आले होते. बाबा म्हणजे भूमी अभिलेख खात्यात हयात घालवलेला माणूस, भूकरमापक म्हणून लागले आणि नोकरीभर लोकांचे बांध मोजत राहिले. लंडन आय, राणीचा वाडा वगैरे बघून झालं, त्यांनी सगळ्याला "चांगलं आहे" म्हटलं, पण सर्व्हेचे खांब म्हटल्यावर मात्र चष्मा पुसून नकाशा मागितला. मग ठरलं ब्लॅकडाऊन.

ब्लॅकडाऊन ससेक्समधला सगळ्यात उंच माथा, उंची २८० मीटर. हो, २८०च. आपलं कळसूबाई १६४६. बाबा म्हणाले हे टेकाड म्हण, डोंगर कशाला म्हणतोस. पण ब्लॅकडाऊन निवडायचं कारण उंची नव्हतं, कारण हे की बहुतेक पिलर उघड्या माथ्यावर असतात, अर्ध्या किलोमीटरवरून दिसतात, आणि इथला आहे झाडीत. म्हणजे जाऊन शोधावा लागतो, त्यात मजा.

तयारी फार नाही. ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे इथलं सरकारी नकाशा खातं, त्यांचा एक्सप्लोरर सिरीजचा नकाशा, ओएल ३३ नंबरचा, १:२५०००. फोनवर ॲप आहेच पण बाबांना कागदच लागतो. शिवाय ऑर्डनन्स सर्व्हेच्या साइटवर सगळ्या ट्रिगची यादी फुकट डाउनलोड करता येते, नाव, ग्रिड रेफरन्स, उंची सगळं त्यात असतं, ती उघडून दिली तर बाबा एक्सेलमध्ये बराच वेळ हरवले. मध्येच विचारलं हे ऑर्डनन्स सर्व्हे सुरू कधी झालं. म्हटलं १७९१. "आपला सर्व्हे ऑफ इंडिया १७६७चा," एवढंच बोलले आणि परत स्क्रोल करायला लागले. चेहऱ्यावर समाधान.

लंडन वॉटर्लूहून पोर्ट्समथच्या लाइनवर हेझलमिअर स्टेशन आहे, तासाभराचा प्रवास. गाडीने गेलं तर टेनिसन्स लेनवर थेट टेकडीवरच नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे अशा जागा जपणाऱ्या संस्थेचं, पार्किंग आहे, तिथून पिलर म्हणजे फिरायला गेल्यासारखं, पण मग चढ कुठला. आम्ही स्टेशनवरून चालत गेलो. बाबांच्या गुडघ्यांची काळजी मला होती, त्यांना नव्हती, "बांध तुडवून झिजायचे तेवढे झिजलेत, आता काय झिजणार" असं म्हणून पुढे.

हाय स्ट्रीट संपल्यावर एका बोळातून तुम्ही एकदम शेतात येता. इथून सर्पेंट ट्रेल नावाची वाट सुरू होते, हेझलमिअर ते पीटर्सफिल्ड, सरळ गेलं तर जवळ असलेली गावं पण ही वाट वळसे घेत घेत शंभरच्या वर किलोमीटर करते. आपल्याला तिचा पहिला तुकडाच लागतो. आणि इथेच बाबांचा पाय अडला. चढामुळे नाही. वाट एका माणसाच्या शेतातून जाते, खाजगी शेत, कुंपण आहे, फाटक आहे, आणि फाटकावर पिवळा बाण, की लोकहो इथून जा.

"मालक काही म्हणत नाही?"

म्हटलं बाबा, म्हणू शकत नाही, पब्लिक फुटपाथ आहे, कौन्सिलकडे कायदेशीर नकाशा असतो त्यावर आखलेली असते, ह्या आपल्या नकाशात पण बघा हिरव्या तुटक रेषा. बाबा उभे राहून त्या हिरव्या रेषा बघत राहिले. आता ज्यांच्या घरी पाणंदीचं किंवा शिवरस्त्याचं भांडण झालंय त्यांना कळेल ह्यात काय एवढं. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला की तहसीलदाराकडे अर्ज, १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली केस, स्थळपाहणी, पंचनामा, मग अपील, आणि तोवर ऊस कसा बाहेर काढायचा ते तुमचं तुम्ही बघा. बाबांनी अशा वादात दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात. त्यामुळे पुढे जे जे फाटक आलं तिथे ते थांबले, बाण बघितला, नकाशा बघितला, फाटक लावून घेतलं आणि मान हलवली. इथेही शेतकरी कधी मका लावून वाट बुजवतात, कौन्सिलकडे तक्रारी होतात, अगदी रामराज्य नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं असावं.

पुढे ओढा, मग जंगल, मग चढ. चढ सरळ आहे आणि वाट खोलगट, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीपेक्षा जास्त मातीच्या भिंती आणि वर झाडांची मुळं लोंबलेली. हा सगळा वालुकाश्म आहे, ग्रीनसँड म्हणतात, मऊ, शेकडो वर्षं गाड्या आणि गुरं जाऊन जाऊन रस्ता खाली खचत गेलाय. ऑगस्ट असूनही चिखल होता. ह्या देशात चिखलाला सुट्टी नसते. बूट घोट्यापर्यंतचे घाला, आणि फुल पँट घाला, कारण वर ब्रॅकन नावाचा नेचा छातीपर्यंत वाढतो आणि त्यात गोचिडी असतात, चावली की लाइम नावाचा आजार होऊ शकतो, घरी आल्यावर पाय नीट तपासायचे. ॲडर साप पण आहेत, इथल्या जंगलातला हा एकच विषारी साप, पण तो बिचारा आपल्या आधी पळतो.

वर आल्यावर एकदम मोकळं. ऑगस्टमध्ये हेदर फुललेलं असतं, जांभळं, गुडघ्याखालचं, मध्ये मध्ये गॉर्सची काटेरी झुडपं आणि पाइनची झाडं. बिलबेरीची झुडपंही भरपूर, हंगाम संपत आला होता पण थोडी मिळाली, काळपट निळी, खाऊन जीभ रंगते. बायको म्हणाली हे म्हणजे इथली करवंदं, फक्त चीक नाही. माथा सपाट आहे, लांबलचक, आणि हीच अडचण, कारण सपाट माथ्यावर सगळ्यात उंच जागा कुठली ते डोळ्याला कळत नाही. मोठी वाट माथ्याच्या मधून दक्षिणेला जाते, लोक तिच्यावरून सरळ टोकाला टेंपल ऑफ द विंड्स नावाच्या जागेकडे जातात, व्ह्यू बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पिलर वाटेपासून बाजूला आत आहे. त्याच्याकडे पाटी नाही, बाण नाही, काही नाही.

फोन म्हणत होता इथेच. इथेच म्हणजे पाइन आणि बर्चची दाटी आणि खाली ब्रॅकन. झाडांखाली जीपीएसचा निळा ठिपका पंधरा-वीस मीटर इकडे तिकडे उड्या मारतो, उघड्यावर त्याचा फरक पडत नाही, इथे समोर चार फुटांचा खांब असून दिसत नाही. मी आणि बायको फोन धरून गोल गोल फिरत होतो. बाबा वाटेवरच उभे. मग म्हणाले जमिनीकडे बघा की, माणसं जात असतील तर पायवाट पडली असेल. आणि होती. जेमतेम पाऊलभर रुंद, ब्रॅकन थोडंसं दबलेलं. त्या वाटेने वाकून आत गेलो आणि झाडांच्या मधल्या छोट्याशा मोकळ्या जागेत पिलर. करडा, शेवाळलेला, वरच्या कडेचा एक टवका उडालेला.

मी आपला हात लावला, फोटो काढला. आमचं असंच असतं, हात लावायचा, फोटो, चहा, परत. बाबांनी मात्र पाठीवरची पिशवी खाली ठेवली, खांबाभोवती एक चक्कर मारली, मग वरच्या पितळी तबकडीवर बोट फिरवलं. तिला स्पायडर म्हणतात, तीन खाचा असतात एकमेकींपासून १२० अंशांवर.

"थिओडोलाइटचे, कोन मोजायच्या यंत्राचे, पाय ह्याच्यात," बाबा म्हणाले. "ट्रायपॉड नको, ओळंबा नको. ठेवला की सेंटर. दहा वर्षांनी दुसरा माणूस आला तरी त्याच जागी बसणार." मग थोडं थांबून, "काय डोकं लावलंय."

हे डोकं ब्रिगेडियर मार्टिन हॉटिन ह्यांचं. १९३६ साली ब्रिटनचं नव्याने त्रिकोणीकरण, म्हणजे माथ्यामाथ्यांमध्ये त्रिकोण टाकून मोजणी, सुरू झालं, आधीचं १७९१ ते १८५३ मध्ये झालेलं, तुकड्या-तुकड्याने केलेलं, त्याच्यावर सगळ्या देशाचे नकाशे एका मापात नीट जुळेनात. हॉटिननी ह्या खांबाचं डिझाइन केलं, पहिला १८ एप्रिल १९३६ला नॉर्थॅम्प्टनशरमध्ये कोल्ड ॲशबीला वापरात आला, आणि काम चाललं थेट १९६२पर्यंत, मध्ये महायुद्ध. साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभे केले. सिमेंट, वाळू, पाणी सगळं माथ्यावर वाहून न्यायचं. जेवढा वर दिसतो तो अर्धाच, खाली जमिनीतही काँक्रीट आहे आणि त्याच्या आत आणखी एक खूण पुरलेली आहे, म्हणजे उद्या वरचा खांब कुणी पाडला तरी मूळ बिंदू परत सापडतो. हे सांगितल्यावर बाबा खूश. त्यांच्या सगळ्या नोकरीचं दुखणं हेच, हद्दीचा दगड रात्रीतून सरकतो आणि सकाळी दोन्ही भाऊ म्हणतात आमच्या आज्यापासून इथेच आहे.

खांबाच्या एका अंगाला खाली धातूची पट्टी बसवलेली असते, फ्लश ब्रॅकेट, त्यावर नंबर आणि वर बाणाची खूण. ती पट्टी बघून बाबांना आपल्याकडचे दगड आठवले. आपल्याकडे जुन्या कचेऱ्यांच्या आवारात, रेल्वे स्टेशनांवर जीटीएस आणि बीएम कोरलेले दगड असतात ते. फक्त तो दगड उंचीचा, बेंचमार्क, समुद्रसपाटीपासून इथे एवढी उंची असं सांगणारा, आणि ट्रिग स्टेशन मुख्यतः जागेचं, म्हणजे पृथ्वीवर नेमकं कुठे ह्याचं. लोक दोन्हीत गोंधळ करतात. नागपूरच्या झीरो माइलला भारताचा मध्य म्हणून सेल्फी काढतात, तिथला दगड पण जीटीएसचा स्टँडर्ड बेंचमार्कच आहे, १९०७चा, १०२०.१७१ फूट उंची लिहिलेली.

बायकोने मध्येच विचारलं, जीटीएस म्हणजे तेच ना, एव्हरेस्टवालं? हो तेच. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने बेसलाइन, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू, मोजून सुरू केलेला, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन टेकडी ते टेकडी, आणि जिथे टेकडी नाही तिथे देवळाच्या शिखरावर. १८०८ला तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो थिओडोलाइट आपटला, आणि लॅम्बटनने स्वतः बसून दुरुस्त केला. असं करत तो उत्तरेला सरकत राहिला आणि १८२३च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला जाताना वाटेत वारला. कुठे, तर हिंगणघाटला. बायकोचं माहेर हिंगणघाट. ती म्हणाली काहीतरी सांगू नकोस. अगं खरंच, कबर आहे त्याची तिथे. लहानपण सगळं तिथे गेलं आणि हे कळलं ससेक्समधल्या झाडीत, ह्याच्यावर ती जरा चिडलीच, शाळेत कुणी सांगितलं नाही म्हणून. लॅम्बटननंतर काम हातात घेतलं जॉर्ज एव्हरेस्टने, आणि त्याची कबर ह्याच ससेक्समध्ये, होव्हला चर्चच्या आवारात, ब्लॅकडाऊनहून गाडीने तासा-सव्वातासावर. गुरू हिंगणघाटात आणि चेला होव्हला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग चहा काढला, थर्मासमधला, आणि बाबा कप हातात धरून चारी दिशांना बघायला लागले. झाडं, झाडं, झाडं.

"अरे पण इथून दिसतंय काय?"

आता हा प्रश्न मला आधी पडायला हरकत नव्हती. ट्रिग पिलरचा उपयोगच हा की त्यावरून दुसरे पिलर दिसले पाहिजेत, किमान दोन, तरच कोन मोजता येतील, त्रिकोण पुरा होईल. रात्री लांबच्या माथ्यांवर दिवे लावून कोन मोजायचे, कारण रात्री हवा स्थिर असते. एव्हरेस्ट तर आपल्याकडे पावसाळ्यात काम करायचा, हवा धुऊन स्वच्छ होते म्हणून, आणि त्यापायी त्याच्यासकट सगळी माणसं मलेरियाने आडवी व्हायची. गंगा-यमुनेच्या सपाट मुलखात दिसेना तेव्हा त्याने मनोरे बांधले, मध्ये येणारी झाडं तोडली. एवढा आटापिटा नुसतं दिसण्यासाठी. मग ह्या लोकांनी खांब झाडीत का बांधला?

बाबांनी एका पाइनच्या बुंध्याला हात लावून बघितलं, दुसऱ्याला कवेत घेऊन बघितलं. "जुनी नाहीत ही," म्हणाले. "खांब आधीचा. झाडं मागाहून आलीत."

आणि अगदी तसंच आहे. ब्लॅकडाऊन म्हणजे मूळचं हीथ, आपल्या भाषेत माळ. आसपासच्या गावकऱ्यांना चराईचे हक्क, गुरं-मेंढ्या चरायच्या, लोक सरपणाला झुडपं तोडून न्यायचे, त्यामुळे झाड डोकं वर काढू शकायचं नाही. गेल्या शतकात ही चराई हळूहळू बंद पडली, शेती बदलली, आणि पाइन-बर्चचं बी वाऱ्याने येऊन पडलं ते उगवतच गेलं. १९४४ला टेकडी नॅशनल ट्रस्टकडे आली. आता ट्रस्टवाले उलटं काम करतात, झाडं कापतात आणि गुरं सोडतात. आम्हाला ती पुढे दिसलीच, बेल्टेड गॅलोवे जातीची, पुढून मागून काळी आणि पोटाभोवती रुंद पांढरा पट्टा, हेदरमध्ये शांत चरत होती.

बायकोला हे पटेना. जंगल तोडून माळ करायचा? तिचं म्हणणं आपण वाचत आलोय झाडे लावा झाडे जगवा, आणि हे इतके श्रीमंत लोक झाडं कापतायत. मी म्हटलं माळावर घरटं करणारे पक्षी झाडीत जगत नाहीत, इथे नाइटजार आहे, डार्टफर्ड वॉर्बलर आहे, त्यांना हे असंच उघडं लागतं. तरी तिला पटेना. मग बाबा बोलले. सोलापूरकडे असतानाची गोष्ट, नान्नजचा माळ. माळढोकाचं अभयारण्य. कागदोपत्री "पडीक" म्हणून लिहिलेल्या जमिनी, आणि पडीक म्हटलं की सगळ्यांचा हात शिवशिवतो, कुणी नांगर घालतो, कुणी वृक्षारोपण. माळावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून हिरवंगार केलं की साहेब खूश, फोटो छान येतो, पण माळढोकाला लांबवर दिसलं पाहिजे, तो झाडीत राहत नाही. बाबा म्हणाले आम्हीच रकान्यात पोटखराबा लिहायचो, तिथे काय राहतं ते लिहायला रकाना नव्हता.

त्यावर बायको काही बोलली नाही, पण पटलं असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला विचाराल तर मला दोन्ही हवंय, म्हणजे टेकडी उघडी हवी आणि पिलरभोवतीची ही एवढी झाडी पण असू दे, नाहीतर शोधायचं काय. स्वार्थी मत आहे, मान्य.

चहा झाल्यावर दक्षिण टोकाला गेलो, पाच-दहा मिनिटांचं अंतर. टेंपल ऑफ द विंड्स नाव भारी आहे पण देऊळ-बिऊळ काही नाही, एक दगडी बाक आहे आणि समोर एकदम सगळं उघडतं. खाली वील्डचा सखल मुलूख, शेतं, झाडी, आणि पलीकडे आडवी साउथ डाउन्सची रांग. स्वच्छ दिवशी तिच्या खिंडीतून समुद्र दिसतो म्हणतात, आमच्या वेळी धूसर होतं. बाबा म्हणाले हां, स्टेशन म्हणजे असं पाहिजे. मग नकाशा बाकावर पसरून, कोपऱ्यावर चष्म्याची डबी ठेवून, समोरच्या रांगेवर कुठे कुठे निळे त्रिकोण आहेत ते बघत बसले, होकायंत्र लावून, हा असणार तो, तो असणार हा. बाकावर आणखी एक म्हातारं इंग्लिश जोडपं येऊन बसलं, त्यातल्या आजोबांनी विचारलं काय शोधताय, बाबांनी नकाशावर बोट ठेवून "ट्रिग पिलर" म्हटलं, आणि पुढचा बराच वेळ दोघं एकमेकांचं निम्मंच समजत होते पण बोलणं थांबेना. आजोबा सांगत होते की आता ह्या खांबांचा उपयोग नाही, सगळं जीपीएसवर चालतं. बाबांना ते माहीतच होतं, आपल्याकडेही आता सॅटेलाइटवरून जागा मोजणारे रोव्हर आलेत, त्यांना आधार देणारी कॉर्सची स्टेशनं आलीत, साखळी आणि प्लेन टेबल घेऊन कोण जातंय. खांबांच्या जाळ्याची अचूकता अख्ख्या ब्रिटनच्या लांबीत वीसेक मीटर होती, आता सॅटेलाइटवर तो हिशोब मिलिमीटरात आलाय.

उतरताना दुसरी वाट घेतली, टेनिसन्स लेनची. ज्या कवीचं नाव त्या रस्त्याला आहे तो इथेच उतारावर घर बांधून राहायचा आणि १८९२ला त्याच घरात वारला, घर खाजगी आहे, रस्त्यावरून काही दिसत नाही. रस्ता अरुंद, गाड्या आल्या की झुडपात अंग चोरायचं, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर शेतातलीच वाट बरी. हेझलमिअरला पोचेपर्यंत बाबांचा गुडघा बोलायला लागला होता पण ते कबूल करेनात, स्टेशनवर बाक दिसल्याबरोबर मात्र बसले.

रात्री जेवण झाल्यावर लॉग टाकायचा कार्यक्रम. पिलर हुडकणाऱ्यांची एक साइट आहे, तिथे आपण भेट दिली, कधी दिली, खांब कुठल्या स्थितीत आहे ते टाकायचं असतं. हे काम बायकोचं. तिने सवयीने "गुड" निवडलं. बाबा मागे उभे होते.

"टवका उडालाय ना वरचा? मग गुड कसं? जसं दिसलं तसं लिहायचं."

अहो बाबा, एवढंसं तर आहे. "एवढंसं म्हणून सोडलं की पुढच्याला वाटतं आपल्यानंतर झालं." शेवटी "स्लाइटली डॅमेज्ड" टाकलं. मग शेरा. शेऱ्यात बाबांनी सांगितलेलं इंग्रजी करून लिहायला लागलं, की स्टेशन सुस्थितीत, कडेस किरकोळ तूट, चहुबाजूंनी झाडी असल्याने शेजारील एकही स्टेशन दृष्टीस पडत नाही, झाडी स्टेशनच्या नंतरची आहे. सबमिट दाबायच्या आधी त्यांनी विचारलं सही कुठे करायची, आणि पंच म्हणून त्या बाकावरच्या आजोबांचं नाव घ्यायला हवं होतं.